एक घर सरकलं की

रबाळ्याच्या लॅबमध्ये माझं काम मोडलेल्या वस्तूंपाशी.
बोल्ट, स्प्रिंगा, क्रेनच्या साखळीची एखादी कडी.
का तुटलं, एवढंच बघायचं
आणि पानभर लिहून द्यायचं.
तुटलेल्या तोंडाला बोट लावू नको,
खांबेटे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
बोटांवर मीठ असतं.

आमच्या घराण्याच्या बोटांवर किती होतं
ते त्यांना कुठं ठाऊक.

बाबा, गोठिवलीचे हिराजी मढवी,
खाडीचं पाणी कोंडीत घेऊन
उन्हावर भरवसा ठेवणारा माणूस.
"वारा जास्त झाला त दाना बारीक परतं.
पान्याला निजू दे जरा.
मंग बघ, चौकोनी येतं."
चौकोन कोण पाडतं, हे त्यांनी विचारलं नाही.
मला वाशीच्या कॉलेजात फळ्यावर दाखवलं:
सोडियमच्या सहा अंगांना क्लोरीन,
क्लोरीनच्या सहा अंगांना सोडियम,
काळ्यापांढऱ्या घरांचा पट, पण उंचीलाही वाढलेला.
एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं,
त्या देण्याघेण्यावर दोघं जखडले.
म्हणून खडा कडक,
म्हणून वितळायला आठशे अंश.
पण हातोडी बसली
आणि ओळ एक घर सरकली, की
प्लससमोर प्लस, मायनससमोर मायनस.
खडा वाकत नाही मग.
सरळ रेषेत, गुळगुळीत, दोन होतो.

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला
तेव्हा बाबा आणि दामाकाका असेच एक घर सरकले.
कालपर्यंत एक देणारा, एक घेणारा;
त्या दिवशी दोघंही घेणारे, समोरासमोर.
मी ती फाट कितीदा तपासलीय.
एक कंगोरा नाही.

तांब्यात इलेक्ट्रॉन गावकीचे.
कुणाच्या नावावर सातबारा नाही.
ओळ सरकली तर नवा शेजारी चालतो,
म्हणून तार वाकते, पत्रा होतो, दिवा लागतो.
आई तशी होती, असं लिहायचा मोह होतो.
पण तांब्याची तार
इकडेतिकडे वाकवत राहा:
आतल्या सरकत्या रेघा एकमेकींत गुंततात,
तार कडक होत जाते, आणि एका वाकवण्याला तुटते.
आई अकरा वेळा काकीकडे गेली,
निवट्यांच्या कालवणाचा डबा घेऊन.
बाराव्यांदा डबा भरला
आणि आम्हालाच वाढला.
तांबं पुन्हा मऊ व्हायला तापवावं लागतं,
लाल होईपर्यंत.
आमच्याकडे चूल स्वयंपाकापुरतीच पेटायची.

गेल्या महिन्यात काका गेले.
चुलतभाऊ पद्माकर जुन्या घराची चावी घेऊन आला.
कुलूप खाऱ्या हवेनं धरलेलं.
तेल नको, म्हटलं, धूळ चिकटेल.
पर्समधली पेन्सिल तासली,
शिसाची भुकटी चावीला फासली.
शिसं नाहीच ते, कोळशाचा भाऊबंद;
षटकोनांच्या चादरी,
चादरीत वीण घट्ट, चादरीचादरींत नुसती ओळख,
म्हणून घसरतं.
त्याच कार्बनला चारी बाजूंनी हात धरायला लावले असते
तर हिरा झाला असता
आणि आम्ही बाहेरच उभे राहिलो असतो.

तिसऱ्या हिसक्याला उघडलं.

फळीवर चिनी मातीची बरणी.
आगर बंद झालं त्या सालचं मीठ.
मी चमचा खुपसला, हलला नाही.
चौदा वर्षांची दमट हवा
दाण्यांच्या टोकांना थोडी थोडी विरघळवत,
पुन्हा सुकवत,
शेजाऱ्याला शेजारी जोडत बसली होती.
घाव न घालता.
बरणीचा आकार घेऊन
सगळं मीठ एकच खडा झालेलं.

बाबा उंबऱ्याबाहेर उभे, चपला न काढता.
आत येत नव्हते, जातही नव्हते.
पद्माकरनं बरणी उचलून
त्यांच्यापुढे धरली.
त्यांनी बोट लावलं. मी अडवलं नाही.

"दामाचा हात हाय," म्हणाले,
"दाना मोठा परलाय."